सुईची जागा का चोळायची नाही?

दवाखान्यात सुई घेतली की आपला हात आपोआप त्या जागेवर जातो. कापसाचा बोळा धरून आपण जागा चोळतो. घरी आल्यावर कुणीतरी मोठं माणूस सांगतं, "गरम पाण्याने शेक दे, नाहीतर गाठ राहील." बऱ्याच सुयांच्या बाबतीत एवढ्याने फारसं काही बिघडत नाही. पण काही सुयांचं औषध टोचलेल्या जागेवर मुद्दाम थांबवून ठेवलेलं असतं. तिथून ते थेंबाथेंबाने रक्तात उतरावं, अशीच त्याची रचना असते. ती जागा चोळली किंवा शेकली की औषध घाईने निघून जातं आणि डॉक्टरांचा सगळा हिशेब चुकतो.

आपल्या वस्तीत अशा दोन सुया तर घरोघरी आहेत. एक मधुमेहाचं दुधासारखं दिसणारं इन्सुलिन आणि दुसरी पाळणा लांबवण्याची 'अंतरा'. त्यांच्यामागचं शास्त्र समजून घ्यायचं तर जवळजवळ नव्वद वर्षं मागे जावं लागेल. हा धडा शास्त्रज्ञांना मिळाला तो प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या बीजांडकोशांकडून.

बीजांडकोश आणि त्याला हुकूम देणारी ग्रंथी

बाईच्या गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाएवढे दोन बीजांडकोश असतात. कुणी त्यांना अंडाशय म्हणतं. स्त्रीबीजं तिथेच पिकतात आणि पाळी नियमित ठेवणारे हार्मोनही तिथेच तयार होतात. पण बीजांडकोश आपल्या मर्जीने काम करत नाहीत. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पीयूष ग्रंथी असते. ती रक्तात आपले हार्मोन सोडते, तेव्हाच बीजांडकोश जागे होतात.

ही गोष्ट १९२६-२७ च्या सुमारास पक्की झाली. अमेरिकेत फिलिप स्मिथ आणि जर्मनीत बर्नहार्ड झोंडेक यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे प्रयोग केले. वयात न आलेल्या उंदरांच्या शरीरात त्यांनी पीयूष ग्रंथीचे तुकडे बसवले. काही दिवसांतच त्या लहान माद्यांचे बीजांडकोश फुगले आणि त्यांत बीजं पिकू लागली. पुढे झोंडेक आणि त्यांचे सहकारी सेल्मार आशहाइम यांना गरोदर बाईच्या लघवीतही असाच परिणाम करणारं हार्मोन सापडलं. त्यावरून १९२८ च्या सुमारास गरोदरपणाची पहिली भरवशाची तपासणी निघाली. बाईची लघवी लहान उंदरांना टोचायची आणि त्यांचे बीजांडकोश तपासायचे. आज औषधाच्या दुकानातून आपण दोन रेघांची पट्टी आणतो, ती त्याच हार्मोनचा शोध घेते. फक्त आता त्यासाठी उंदीर मारावे लागत नाहीत. हे दोघेही शास्त्रज्ञ ज्यू होते. हिटलरच्या राजवटीत दोघांनाही जर्मनी सोडावी लागली.

तेच हार्मोन, पण वजन वाढलं

त्या काळात हार्मोनची ताकद मोजायला आजच्यासारखी यंत्रं नव्हती. मोजमाप उंदरांवरच व्हायचं. साधारण तीन आठवड्यांच्या माद्यांना काही दिवस पीयूष ग्रंथीचा अर्क कातडीखाली टोचायचे. मग त्यांना मारून बीजांडकोश काढायचे आणि नाजूक काट्यावर तोलायचे. वजन जितकं जास्त, तितकं हार्मोन जोरदार, असा सरळ हिशेब होता.

१९३० नंतरच्या दशकात या हिशेबाने शास्त्रज्ञांना कोड्यात टाकलं. त्याच अर्कात टोचण्याआधी थोडं जस्ताचं क्षार मिसळलं, तर बीजांडकोशाचं वजन कितीतरी जास्त भरायचं. १९३६ मध्ये फेव्होल्ड, हिसॉ आणि ग्रीप या अमेरिकन शास्त्रज्ञांनी तांब्याच्या क्षारांबद्दल असंच लिहिलं. आपल्याकडे पिकावर फवारतात ते मोरचूद हेही तांब्याचंच क्षार. मग यादी वाढत गेली. टॅनिन मिसळलं, परिणाम वाढला. रक्त मिसळलं, परिणाम वाढला. दुधातलं केसीन मिसळलं, तरी तेच.

आता जस्त, टॅनिन, रक्त आणि दूध यांच्यात साम्य काय? नुसतं जस्त किंवा नुसतं टॅनिन टोचलं तर बीजांडकोशावर काहीच परिणाम दिसत नव्हता. म्हणजे यांतलं कुणीही स्वतः हार्मोनचं काम करत नव्हतं. मग हार्मोनचा जोर वाढवत होतं कोण?

कोडं सुटलं ते असं

हळूहळू तीन गोष्टी लक्षात आल्या.

पहिली गोष्ट. जस्त आणि हार्मोन एकाच सुईत मिसळून टोचलं तरच परिणाम वाढतो. हार्मोन एका जागी आणि जस्त दुसऱ्या जागी टोचलं, तर वाढ होत नाही. म्हणजे जस्त बीजांडकोशापर्यंत जाऊन काही करत नव्हतं. जे घडत होतं ते सुईच्या जागेवरच घडत होतं.

दुसरी गोष्ट. काहीही न मिसळता, हार्मोनची तेवढीच एकूण मात्रा अनेक छोट्या भागांत वाटून दिवसातून बऱ्याच वेळा टोचली, तरीही बीजांडकोश तसेच फुगायचे.

तिसरी गोष्ट. १९३० मध्ये कोल आणि हार्ट या दोघांना गाभण घोडीच्या रक्तात बीजांडकोश जागवणारं एक हार्मोन सापडलं होतं. ते शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, बरेच दिवस रक्तात टिकतं. त्यामुळे त्याची एकच सुई पुरते, वाटून वाटून द्यावं लागत नाही.

या तिन्ही गोष्टी एकाच उत्तराकडे बोट दाखवतात. पीयूष ग्रंथीचा नुसता अर्क कातडीखाली टोचला की तो चटकन रक्तात जातो आणि शरीर तो तितक्याच चटकन बाहेर टाकतं. बीज पिकायला मात्र काही दिवस सतत हार्मोन मिळत राहावं लागतं. थोडा वेळ भरपूर आणि मग काहीच नाही, याचा उपयोग होत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर डब्यात लावलेलं मिरचीचं रोप घ्या. आठवड्याचं पाणी एकदाच बादलीभर ओतलं तर बरंचसं पाणी डब्याच्या भोकातून वाहून जातं आणि चौथ्या दिवशी रोप माना टाकतं. तेच पाणी रोज तांब्यातांब्याने दिलं तर रोप तरारतं. पाणी तेवढंच होतं, फरक फक्त देण्याच्या पद्धतीत पडला.

जस्त आणि टॅनिन नेमकं हेच करत होते. हे हार्मोन म्हणजे प्रथिन. टॅनिन प्रथिनाला धरून त्याचा पाण्यात न विरघळणारा साका करतं. आपल्या जुन्या माणसांना हे वेगळ्या नावाने ठाऊक आहे. बाभळीची साल आणि हिरडा घालून कातडं कमावतात, तेव्हा सालीतलं टॅनिन कातड्यातल्या प्रथिनाला असंच घट्ट धरतं. म्हणून कमावलेलं चामडं पाण्यात कुजत नाही. सुईतही तसंच होतं. हार्मोनचा साका कातडीखाली बसून राहतो आणि त्यातून थोडं थोडं हार्मोन सुटत राहतं.

एक अपवाद सांगायला हवा. सशाच्या मादीला तांब्याचं क्षार थेट शिरेत दिलं, तर तिच्या शरीरातून बीज सुटतं. तिथे तांबं स्वतःच्या मेंदू-पीयूष ग्रंथीच्या साखळीला चाळवतं. पण हा शिरेतून दिलेल्या क्षाराचा परिणाम आहे. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचा याच्याशी काही संबंध नाही.

हे मुद्दाम लिहिते, कारण "जस्त-तांब्याने बीजांडकोश ताकदवान होतात" असं सांगून पुड्या आणि गोळ्या विकणारे आपल्या वस्तीतही फिरतात. मूल होत नाही म्हणून आधीच घायकुतीला आलेली बाई मजुरीचे पैसे त्यात घालते. उंदरांच्या प्रयोगात जस्ताने जी करामत केली ती सुईत हार्मोन अडवून धरण्याची होती. तोंडावाटे घेतलेली गोळी ते काम करू शकत नाही. डॉक्टरांनी कमतरता पाहून जस्ताची गोळी दिली असेल, मुलाच्या जुलाबात दिली असेल, तर ती गोष्ट वेगळी. ती जरूर घ्या.

दुधाळ इन्सुलिन

हीच युक्ती माणसांच्या औषधात आली ती इन्सुलिनच्या रूपाने. १९२१-२२ मध्ये कॅनडातल्या टोरांटो इथे इन्सुलिन सापडलं आणि मरणाच्या दारातली मुलं वाचली. पण त्याचा परिणाम काही तासच टिकायचा. दिवसातून अनेकदा टोचावं लागायचं, रात्रीही उठावं लागायचं. १९३६ मध्ये डेन्मार्कच्या हागेडोर्न यांनी इन्सुलिनमध्ये माशांपासून मिळणारं प्रोटामिन नावाचं प्रथिन मिसळलं. टोरांटोच्या स्कॉट आणि फिशर यांनी त्यात जस्ताची भर घातली. इन्सुलिन कातडीखाली जास्त वेळ थांबू लागलं आणि सुयांची संख्या कमी झाली.

आज सरकारी दवाखान्यांत मिळणारं दुधाळ इन्सुलिन याच घराण्यातलं आहे. ते वापरताना एवढं सांभाळा.

बाटलीत पांढरा साका तळाशी बसतो. औषध भरण्याआधी बाटली दोन्ही तळहातांमध्ये दहा वेळा सावकाश फिरवा आणि दहा वेळा हळूच वरखाली करा. जोरात हलवून फेस काढू नका. न हलवता भरलं तर एक दिवस मात्रा कमी जाईल आणि दुसऱ्या दिवशी जास्त.

पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं इन्सुलिन मात्र कधीही गढूळ दिसता कामा नये. ते गढूळ दिसलं तर वापरू नका.

सुईनंतर जागा चोळू नका, शेकू नका. मांडीत सुई घेऊन लगेच भरभर चालायला किंवा ओझं उचलायला गेलात तरी औषध लवकर उतरतं. घाम, थरथर, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी ही साखर उतरल्याची चिन्हं आहेत. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, तसंच दवाखान्यात न्या.

रोज एकाच जागी टोचू नका. तिथे मऊ गाठी होतात आणि गाठीतून औषध कधी कमी तर कधी जास्त उतरतं.

फ्रीज नसेल तर बाटली पाणी लागणार नाही अशा डब्यात घालून तो डबा ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेवा. वापरात असलेली बाटली अशी थंड जागी साधारण महिनाभर टिकते. पत्र्याच्या छपराखाली फळीवर ठेवू नका. बर्फातही ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

'अंतरा'ची सुई

अंतराच्या सुईत हार्मोन पाण्यात विरघळलेलं नसतं, त्याचे अगदी बारीक कण पाण्यात तरंगत असतात. दंडात किंवा कमरेत टोचल्यावर ते कण स्नायूत बसतात आणि तीन महिने झिजत राहतात. इथे हार्मोनचं काम उलटं आहे. ते पीयूष ग्रंथीला गप्प बसवतं, म्हणून बीजांडकोशातून बीज सुटत नाही. स्नायूत द्यायची मात्रा १५० मिलिग्रॅम, दर तीन महिन्यांनी. २०१७ पासून सरकारी आरोग्य केंद्रांत ही सुई मोफत मिळते.

सुई दिल्यावर ती जागा चोळायची नाही, शेकायची नाही, मालीश करायची नाही. कण लवकर विरघळले तर तीन महिने पुरायचं औषध आधीच संपेल आणि नको असताना दिवस जातील. नर्सताई विसरल्या तर तुम्हीच सांगा, "ताई, चोळू नका."

या सुईची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. गोळी नकोशी झाली तर उद्यापासून बंद करता येते, तांबी काढून टाकता येते. पण टोचलेली सुई परत काढता येत नाही. सावकाश झिरपणं हा तिचा गुण आहे आणि तीच तिची अडचणही. पाळी अनियमित होते, कधी ठिपके ठिपके रक्त जातं, पुढे बऱ्याच जणींची पाळी थांबते. त्याने अंगात रक्त साठत नाही. सुई बंद केल्यावर दिवस जायला उशीर लागतो, शेवटच्या सुईपासून साधारण सात ते दहा महिने. बरीच वर्षं घेतली तर हाडं थोडी विरळ होतात. एचआयव्ही आणि गुप्तरोगांपासून ती वाचवत नाही, त्यासाठी निरोधच हवा.

गरोदर असाल, अंगावरून कारण न कळलेलं रक्त जात असेल, स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर ही सुई नको. अंगावर पाजणाऱ्या बाईने बाळंतपणानंतर सहा आठवडे थांबावं.

हे सगळं सुई टोचण्याआधी सांगितलं गेलं पाहिजे. तसं न झाल्याचा इतिहास आहे. अशाच जातीची, तेलात मिसळून द्यायची नेट-एन नावाची गर्भनिरोधक सुई १९८० नंतरच्या दशकात आपल्या देशात चाचणीसाठी आली. हैदराबादजवळच्या पटनचेरू इथे गरीब बायांना पुरेशी माहिती न देता ती दिली जात असल्याचं महिला कार्यकर्त्यांच्या लक्षात आलं. 'स्त्री शक्ती संघटने'ने इतरांसोबत १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. उंदरांना कुणी विचारलं नव्हतं. आपल्याला विचारलंच पाहिजे.

बीज देण्यासाठी बोलावणं आलं तर

तिसरी गोष्ट दबक्या आवाजात बोलली जाते. "आठ-दहा सुया घ्यायच्या, बीज द्यायचं, पैसे मिळतील" असं सांगणारी एखादी बाई वस्तीत येते. या सुयांत तेच हार्मोन असतात, ज्यांनी उंदरांचे बीजांडकोश फुगले होते. महिन्याला एक बीज पिकतं तिथे एकदम अनेक बीजं पिकवली जातात.

शेवटी बीजं तयार करायला जी सुई देतात ती बऱ्याचदा एचसीजीची असते. गरोदर बाईच्या लघवीत सापडलेलं हार्मोन ते हेच. शरीराचं स्वतःचं हार्मोन तासाभरात ओसरतं, पण एचसीजी दिवस दिवस रक्तात राहतं. जास्त टिकतं म्हणून त्याचा जोर जास्त, आणि म्हणूनच धोकाही जास्त. काही जणींचे बीजांडकोश प्रमाणाबाहेर सुजतात आणि पोटात पाणी भरतं. पोट फुगणं, जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, लघवी कमी होणं, धाप लागणं यांतलं काहीही झालं तर वाट न बघता मोठ्या दवाखान्यात जा आणि कोणत्या सुया घेतल्या ते लपवू नका. लपवल्याने जिवावर बेततं. एचसीजीऐवजी देता येईल अशी दुसरी सुईही आहे, तिच्यात हा धोका बराच कमी असतो. त्याबद्दल विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

२०२१ च्या कायद्याप्रमाणे बीज देणारी बाई २३ ते ३५ वर्षांची असावी लागते. आयुष्यात एकदाच बीज देता येतं आणि सातपेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत. तिचा विमा उतरवावा लागतो. बीज विकणं आणि त्यासाठी दलाल लावणं हा गुन्हा आहे. म्हणजे "पुढच्या वेळी पुन्हा ये" म्हणणारा माणूस कायदा मोडतोय.

सुई घेण्याआधी चार प्रश्न

कोणतीही सुई असो, हे चार प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. सुईचं नाव काय आणि ती कशासाठी आहे? तिचा परिणाम किती तास, किती दिवस राहील? जागा चोळायची का, शेकायची का? त्रास झाला तर कुठे यायचं आणि कुणाला भेटायचं?

उत्तर कार्डावर लिहून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या आणि कार्ड रेशनकार्डासोबत जपून ठेवा. अंतराची पुढची तारीख आशाताईलाही सांगून ठेवा. डॉक्टर घाईत असले तरी प्रश्न विचारा, कारण ते औषध पुढचे तीन महिने डॉक्टरांच्या नव्हे, तुमच्या अंगात राहणार आहे.